शाळेच्या संगणकासाठी डेस्कटॉपची निवड

ग्रामीण प्राथमिक शाळेतील संगणक बहुधा नवा नसतो. तो कोणा देणगीदाराने दिलेला, एखाद्या कार्यालयातून उतरलेला किंवा जुन्या योजनेतून आलेला असतो. अशा अनेक संगणकांवर विंडोज १० ही कार्यप्रणाली होती. तिला मिळणाऱ्या सर्वसाधारण मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. पुढील आवृत्ती, विंडोज ११, हिला किमान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० नावाची सुरक्षाव्यवस्था आणि त्या मानाने अलीकडचा प्रोसेसर लागतो. यामुळे चालू स्थितीतील पुष्कळ यंत्रे निरुपयोगी ठरण्याचा धोका उत्पन्न झाला. त्यांना उपयोगात ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली. ती विनामूल्य मिळते, कितीही यंत्रांवर बसविता येते आणि जुन्या यंत्रावरही चालते.

परंतु लिनक्स बसविण्याचे ठरविताच शिक्षकापुढे एक अनपेक्षित प्रश्न उभा राहतो. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, माते, सिनॅमन, एलएक्सक्यूटी अशी नावे समोर येतात व यांपैकी कोणता डेस्कटॉप हवा, असे विचारले जाते. हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा आहे असे वरवर वाटते. वस्तुतः त्याच्या उत्तरावर मुलांच्या वाट्यास येणारी मिनिटे अवलंबून असतात. वर्गात तीस मुले, संगणक दोन आणि आठवड्यातून पस्तीस मिनिटांची एक तासिका असे धरले, तर तिघांचा एक याप्रमाणे दहा गट होतात. प्रत्येक संगणकाकडे पाच गट येतात व प्रत्येक गटास सात मिनिटे मिळतात. यंत्र सुरू होऊन स्थिर होण्यातच सात मिनिटे गेली, तर एका गटाची पाळी त्या आठवड्यापुरती बुडाली. म्हणून ही निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे.

डेस्कटॉप म्हणजे काय

डेस्कटॉप या शब्दाचा मूळ अर्थ मेजाचा पृष्ठभाग असा आहे. अमेरिकेतील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो हा संगणक तयार झाला. चित्रे, खिडक्या आणि माऊस यांच्या साहाय्याने संगणक चालविण्याच्या पद्धतीचा पाया त्या केंद्रात घातला गेला. कचेरीतील मेजावर जसे कागद, धारिका व टोपली असते, तशीच ती पडद्यावर दिसावी ही कल्पना १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकात पूर्णत्वास आली. पुढे १९८४ मध्ये ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाने ती सर्वत्र पोहोचविली.

शिक्षकास हे एका ओळखीच्या उदाहरणावरून समजेल. शाळेच्या इमारतीत भिंती, छप्पर आणि पाण्याची सोय या पायाभूत गोष्टी असतात. त्या इमारतीतील वर्गात मुले रांगेत बसवावी की गोलाकार, फळा कोणत्या भिंतीवर लावावा, पुस्तकांचे कपाट कोठे ठेवावे, ही वर्गाची मांडणी झाली. मांडणी बदलली म्हणून इमारत बदलत नाही. लिनक्स ही इमारत आहे आणि डेस्कटॉप ही मांडणी आहे. खालची पट्टी, कार्यक्रमांची यादी, धारिका उघडण्याची खिडकी, घड्याळ, पडद्यावरील चित्र आणि या सर्वांच्या जुळवाजुळवीची साधने मिळून डेस्कटॉप होतो. लिहिलेला मजकूर, मुलांनी काढलेली चित्रे आणि बसविलेले कार्यक्रम डेस्कटॉप बदलला तरी तसेच राहतात. एकाच संगणकावर दोन डेस्कटॉप बसवून, सुरुवातीस परवलीचा शब्द देताना हवा तो निवडण्याचीही सोय असते. निवड चुकली तर ती सुधारता येते, हे आरंभीच ध्यानात घेतले म्हणजे मनावरील दडपण कमी होते.

इतके प्रकार का झाले

विंडोज किंवा मॅक यांच्याबरोबर एकच मांडणी मिळते, कारण ती प्रणाली व मांडणी एकाच कंपनीची असते. लिनक्सची घडण निराळी आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. पडद्यावर खिडक्या दाखविणारी एक्स ही व्यवस्था अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्येच सुरू झाली होती. मांडणीचे काम मात्र कोणा एकाकडे नव्हते. त्यामुळे एका कार्यक्रमाची बटणे एक प्रकारची, तर दुसऱ्याची भलत्याच प्रकारची, अशी स्थिती होती.

जर्मनीतील ट्युबिंगेन येथील मथियास एट्रिश या विद्यार्थ्याने १९९६ च्या ऑक्टोबरात या विसंगतीवर उपाय म्हणून केडीई प्रकल्पाची हाक दिली. सामान्य माणसास सर्वत्र एकसारखे वर्तन दिसावे हा त्याचा हेतू होता. परंतु केडीई ज्या क्यूटी नावाच्या साधनावर उभारले जात होते, त्याचा परवाना त्या वेळी पूर्णतः मुक्त नव्हता. यास्तव मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना या मेक्सिकोतील दोघांनी १९९७ च्या ऑगस्टमध्ये ग्नोम प्रकल्प सुरू केला. पुढे २००० साली क्यूटीला मुक्त परवाना मिळाला व मूळ वाद मिटला. पण तोवर दोन्ही प्रकल्प मोठे झाले होते व दोन्ही टिकून राहिले.

प्रकार वाढण्याचे आणखी एक कारण २०११ साली घडले. ग्नोमची तिसरी आवृत्ती त्या वर्षी आली आणि तिने नेहमीची मांडणी पार बदलून टाकली. अनेक जुन्या वापरकर्त्यांना ती रुचली नाही. खुद्द टोरवाल्ड्स यांनी तिच्यावर जाहीर टीका केली व काही काळ एक्सएफसीईचा आश्रय घेतला. नंतर ते ग्नोमकडे परतले. मुक्तस्रोत परवान्यामुळे कोणासही जुनी प्रणाली घेऊन पुढे नेण्याची मुभा असते. त्या आधारे ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीपासून माते हा डेस्कटॉप निघाला, तर लिनक्स मिंटच्या मंडळींनी नव्या साधनांवर जुन्या वळणाचा सिनॅमन उभा केला. एका गटाने रीत बदलली तरी दुसऱ्यास जुनी रीत राखता येते, हा या व्यवस्थेचा गुण होय. निवडीचा भार वापरणाऱ्यावर पडतो, ही त्या गुणाची दुसरी बाजू होय.

प्रमुख डेस्कटॉपांची ओळख

ग्नोम हा उबुंटू, डेबियन व फेडोरा यांचा नेहमीचा डेस्कटॉप आहे. त्याच्या मूळ रूपात पडदा जवळजवळ मोकळा असतो. कार्यक्रम शोधण्यासाठी वेगळा देखावा उघडावा लागतो. मांडणी नीटस आहे, पण विंडोजची सवय असलेल्यास प्रथम चुकल्यासारखे वाटते. त्यास रॅमही अधिक लागते. उबुंटू २४.०४ साठी ४ जीबी रॅम सांगितलेली आहे.

केडीई प्लाझ्माची मांडणी विंडोजशी मिळतीजुळती असून तिच्यात बदल करण्याच्या सोयी विपुल आहेत. ही विपुलता जाणत्यास उपकारक, तर मुलांच्या वर्गात कधी कधी अडचणीची ठरते. कारण पट्टी सरकली किंवा नाहीशी झाली की पुढच्या गटाचा वेळ ती शोधण्यात जातो.

सिनॅमन व माते हे दोन्ही जुन्या वळणाचे आहेत. खाली अगर वर पट्टी, कोपऱ्यात यादी आणि पडद्यावर चित्रे, ही रीत त्यांनी राखली आहे. दोहोंपैकी माते यंत्रावर कमी भार टाकतो.

एक्सएफसीईचा आरंभ ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी १९९६ मध्ये केला. तो साधा, हलका आणि क्वचितच बदलणारा आहे. एकदा शिकविलेली कृती पुष्कळ वर्षे तशीच लागू पडते, हा शिक्षकाच्या दृष्टीने मोठाच लाभ आहे. एलएक्सक्यूटी त्याहूनही हलका आहे. तैवानमध्ये २००६ साली सुरू झालेल्या एलएक्सडीई या डेस्कटॉपाच्या परंपरेतून तो आला. लुबुंटू या आवृत्तीत तो मिळतो.

भारतात सी-डॅक या संस्थेने २००७ पासून बॉस ही डेबियनवर आधारलेली आवृत्ती दिलेली आहे. तीत भारतीय भाषांची सोय असून शाळांसाठी एज्युबॉस नावाचे रूप आहे. तथापि बॉस, उबुंटू व मिंट ही इमारतींची नावे आहेत आणि ग्नोम, माते व एक्सएफसीई ही मांडणीची. या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

पहिली कसोटी : यंत्र

शाळेतील सर्वांत दुबळा संगणक कोणता, हे प्रथम पाहावे व त्यास झेपेल तो डेस्कटॉप सर्व यंत्रांवर बसवावा. बलवान यंत्रावर एक आणि दुबळ्यावर दुसरा असे केल्यास मुलांना दोन रीती शिकाव्या लागतात. शिवाय चांगल्या यंत्राकडे धाव घेण्याची वृत्ती वाढते आणि त्या धावेत धीट मुले पुढे व लाजरी मागे राहतात.

ढोबळ मानाने २ जीबी रॅम असल्यास एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई, ४ जीबी असल्यास एक्सएफसीई, माते किंवा सिनॅमन आणि ८ जीबी असल्यास कोणताही डेस्कटॉप चालतो. लिनक्स मिंटने आपल्या आवृत्तीसाठी किमान २ जीबी रॅम व २० जीबी जागा सांगितली असून ४ जीबी रॅम असणे बरे, असेही म्हटले आहे. तीत सिनॅमन, माते व एक्सएफसीई या तिन्हींची रूपे मिळतात.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. पहिली ही की, इंटरनेटवरील पाने दाखविणारा ब्राउझर पुष्कळदा डेस्कटॉपापेक्षा जास्त रॅम घेतो. डेस्कटॉप हलका निवडून ब्राउझरमध्ये दहा पाने उघडी ठेवली, तर लाभ राहत नाही. दुसरी ही की, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास यंत्र सुरू होण्याचा वेळ फार कमी होतो. डेस्कटॉप बदलून तितका फरक बहुधा पडत नाही. ग्रामपंचायत किंवा पालक यांच्याकडून थोडी मदत मिळण्यासारखी असेल, तर ती प्रथम या कामी लावावी. अगदी जुने, ३२ बिटांचे यंत्र असेल, तर नवीन आवृत्त्या त्यावर बसतात की नाही हे आधी पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून अशा यंत्रांवर ती नव्याने बसविण्याची सोय राहिलेली नाही.

दुसरी कसोटी : मूल

शिक्षकास जे आवडते ते मुलास सोयीचे असेलच असे नाही. पडद्यावर चित्रे हालणे व खिडक्या उडत उघडणे हे मोठ्यांना मोहक वाटते. मुलाचे चित्त त्याने विचलित होते. लहान मुलासाठी उत्तम मांडणी ती, जी दोन दिवसांनंतर त्याच्या लक्षातही येत नाही. चित्रे मोठी, थोडी व ठरलेल्या जागी असावीत. पडद्यावर चारपाच कार्यक्रमांहून अधिक मांडू नये.

मुलांसाठीच घडविलेला डेस्कटॉप म्हणून शुगरचे उदाहरण उद्बोधक आहे. प्रत्येक मुलास एक लहान संगणक देण्याच्या ओएलपीसी या योजनेसाठी तो तयार झाला. त्या एक्सओ संगणकात अवघी २५६ एमबी रॅम होती. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली त्याचा प्रयोग सुरू झाला. शुगरमध्ये मेजाचे व कचेरीचे चित्रच नव्हते, कारण खेड्यातील मुलाने कचेरी पाहिलेलीच नसते. त्याऐवजी मध्यभागी मूल, भोवती त्याच्या कृती, शेजारी सोबती आणि झालेल्या कामाची आपोआप लिहिली जाणारी रोजनिशी, अशी रचना होती. कल्पना थोर होती. परंतु प्रत्येक मुलाचा स्वतंत्र संगणक असणे हा तिचा आधार होता. जेथे तीस मुलांत दोन संगणक आहेत, तेथे एका रोजनिशीत तिसांचे काम मिसळते. यावरून असे दिसते की, मुलाला अनुरूप अशी मांडणी निवडताना संगणक किती मुलांत वाटला जाणार, हेही मोजावे लागते.

सामायिक संगणकावर विद्यार्थ्यांसाठी वेगळे खाते उघडावे व त्यास व्यवस्थापकाचे अधिकार देऊ नयेत. मग एखाद्या मुलाने पट्टी हलविली किंवा चित्र पुसले, तरी बिघाड त्या खात्यापुरता राहतो आणि शिक्षकाचे काम सुरक्षित असते. मुलाने काही बिघडविले म्हणून त्यास रागे भरण्याचे कारणच त्यामुळे उरत नाही. चुकण्याची भीती नसेल तरच मूल माऊसला निःशंक हात लावील.

तिसरी कसोटी : भाषा

मराठी शाळेत मराठी नीट न उमटविणारा संगणक अर्धाच उपयोगी. मेनूंचे मराठी भाषांतर ग्नोम व केडीई यांत आहे, तर लहान डेस्कटॉपांत ते त्रोटक असू शकते. भाषांतर कितपत पूर्ण आहे, हे यंत्रावर प्रत्यक्ष पाहावे. अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी असा मेनू मुलास अधिक गोंधळात पाडतो.

मेनूहून महत्त्वाचे ते लेखन. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये सर्व डेस्कटॉपांवर लावता येतो. ग्नोममध्ये विंडोजचे चिन्ह असलेली कळ व स्पेस कळ एकत्र दाबून भाषा बदलते. अन्यत्र ही जोडी शिक्षकास ठरवावी लागते. अक्षरांचे वळण हे टंकावर, म्हणजे फॉन्टवर, अवलंबून असते. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला लोहित हा देवनागरी टंक बहुतेक आवृत्त्यांत सहज मिळतो.

परीक्षेसाठी 'वऱ्हाड', 'दऱ्याखोऱ्या', 'ज्ञान', 'श्री', 'कृष्ण', 'लक्ष' हे शब्द लिहून पाहावेत. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे ही कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो. त्यास हलन्त व य जोडला की 'ऱ्य' होते. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे वेगळे दिसत नसतील, तर टंक बदलावा. जुन्या, युनिकोडपूर्व टंकात लिहिलेल्या प्रश्नपत्रिका नव्या प्रणालीवर उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसू शकतात. अशा प्रती आधीच युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात.

निवडीची रीत

लिनक्सची बहुतेक रूपे पेन ड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला धक्का न लावता चालवून पाहता येतात. दोन किंवा तीन डेस्कटॉप वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावेत. पेन ड्राइव्हवरून गती थोडी कमी असते हे ध्यानात ठेवून प्रत्येकावर तीच कामे करावीत : चित्र काढून जतन करणे, वरील शब्द लिहिणे, एक ध्वनिचित्रफीत पाहणे आणि छापणे. मग चौथीतील दोन मुलांना काही न सांगता त्यापुढे बसवावे. ती कोठे अडतात हे पाहणे, हीच सर्वांत खरी परीक्षा होय.

मुख्याध्यापकांच्या कामाचा संगणक याहून वेगळा समजावा. यू-डायसची माहिती ब्राउझरमधून भरता येते. परंतु छपाईयंत्र चालते किंवा नाही, याची खात्री आधी करून घ्यावी. प्रणाली कायम बसविताना डिस्कवरील मजकूर पुसला जाऊ शकतो. सबब सर्व धारिकांची प्रत दुसरीकडे घेतल्याशिवाय ते काम हाती घेऊ नये.

निवड झाली म्हणजे ती सर्व यंत्रांवर सारखी बसवावी व किमान दोनतीन वर्षे मोडू नये. केरळ राज्यात काइट या संस्थेने शाळांसाठी लिनक्सची एक सामायिक आवृत्ती दिली आहे आणि तेथील संगणकाची पाठ्यपुस्तके मुक्त प्रणालीस धरून आहेत. शिक्षकाने शिकलेले, पुस्तकात छापलेले व मुलाच्या पडद्यावर दिसणारे एकच असले, म्हणजे शिकविण्याचे श्रम निम्मे होतात. केंद्रातील पाचसहा शाळांनी मिळून एकच डेस्कटॉप ठरविल्यास एकाची अडचण दुसरा सोडवू शकेल, बदली झालेल्या शिक्षकास नव्याने शिकावे लागणार नाही आणि तोच पेन ड्राइव्ह सर्वांच्या उपयोगी पडेल.

जेथे यंत्रे जुनी, मुले अनेक व वेळ थोडा, तेथे एक्सएफसीई किंवा माते यांपासून आरंभ करणे श्रेयस्कर. पडदा कोणाचा अधिक देखणा, हा विचार मागाहून करता येईल. घंटा झाल्यापासून पहिल्या गटाचा हात माऊसवर पडेपर्यंत किती वेळ गेला, हे घड्याळ लावून मोजावे. तो वेळ ज्या मांडणीत सर्वांत कमी, ती त्या शाळेची मांडणी.